लघुउद्योग आणि सबवूफर निर्मिती : एक विचार

वर्धा जिल्ह्यातील लहान ध्वनिक्षेपक निर्मात्याने सबवूफरच्या उत्पादनाकडे वळावे काय, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. सबवूफर म्हणजे केवळ मोठा ध्वनिक्षेपक नव्हे. ध्वनीची वारंवारता निम्मी झाली, की तीच ध्वनिपातळी राखण्यासाठी स्पीकरच्या पडद्यास चौपट अंतर मागेपुढे हलावे लागते. त्यामुळे मोठा पडदा, भक्कम पेटी व अधिक शक्तीचा ॲम्प्लिफायर अपरिहार्य ठरतो आणि भांडवल अधिक गुंतते. मिरवणुका व लग्नसराईची मागणी हंगामी असते. शिवाय ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी क्षेत्रात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा असून, रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत खुल्या जागी ध्वनिक्षेपकास सर्वसाधारणपणे बंदी आहे.

१९३४ मध्ये वर्ध्यात स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाने स्थानिक गरजेनुसार उत्पादनावर भर दिला होता. तोच निकष येथे उपयुक्त ठरतो. सभागृहे व घरगुती संचांसाठी आगाऊ रक्कम घेऊन मोजके सबवूफर तयार करावेत. ॲम्प्लिफायर बाहेरून घ्यावा. वर्षभर मागणी टिकल्यावरच कर्ज काढून विस्तार करणे हितावह होय. अन्यथा चालता व्यवसायही अडचणीत येईल.