सर्व्हरचा बॅकअप आहे. त्याच्या मांडणीचा आहे का?

गडचिरोलीहून सिरोंचा दोनशे किलोमीटरच्या आसपास. जुलै २०२२ मध्ये गोदावरी-प्राणहितेच्या पुराने त्या भागाची दैना केली होती. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, हे तर वर्षानुवर्षांचं. अशा तालुक्यांत कॉलेजला, दवाखान्याला, पतसंस्थेला प्रत्येकी एकच सर्व्हर असतो आणि त्यावर चार-पाच व्हर्च्युअल मशिन चालतात: प्रवेश, हिशेब, ग्रंथालय, हजेरी. तो बसला तर जाणकार माणूस दुसऱ्या दिवशी पोहोचेलच, याची खात्री नाही. मी गडचिरोली आणि चंद्रपूर या दोन्ही जिल्ह्यांत अशा सर्व्हरच्या बॅकअपचीच कामं करतो. बॅकअपबद्दलचे काही गैरसमज मला जवळजवळ प्रत्येक ठिकाणी भेटतात.

गैरसमज : सगळ्या मशिनचा बॅकअप आहे, म्हणजे सर्व्हरचा बॅकअप आहे.

हा सगळ्यांत महाग पडणारा गैरसमज. चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका कॉलेजात मे महिन्यात सर्व्हरची मुख्य डिस्क गेली. मशिनचे बॅकअप वेगळ्या डब्यात सुखरूप होते, त्यामुळे सगळे निर्धास्त. नवी डिस्क घातली, व्हर्च्युअल मशिन चालवणारं प्रॉक्समॉक्स पुन्हा बसवलं, पहिलं मशिन रिस्टोअर केलं आणि स्टार्ट दाबलं. पडद्यावर लाल ओळ आली: हा ब्रिज अस्तित्वात नाही.

झालं होतं ते असं. मशिनच्या बॅकअपमध्ये मशिनची माहिती असते: किती मेमरी, किती कोअर, कोणत्या ब्रिजला जोडायचं. पण तो ब्रिज, म्हणजे मशिनना नेटवर्कशी जोडणारा आभासी स्विच, होस्टवर, म्हणजे खुद्द सर्व्हरवर असतो. कोणती वायर कोणत्या पोर्टात, कोणता व्हीलॅन ऑफिसचा आणि कोणता लॅबचा, स्टोरेज कुठे, कोणाला कोणते अधिकार, बॅकअप किती वाजता, ही सगळी मांडणी होस्टची. तिचा बॅकअप कोणीच घेतला नव्हता. डेटा एका तासात परत आला; मांडणी जुळवायला दोन दिवस गेले, तेही एका कर्मचाऱ्याने वहीत व्हीलॅनचे आकडे लिहून ठेवले होते म्हणून.

प्रॉक्समॉक्समध्ये यातली बरीचशी मांडणी ‘कॉन्फिग डॉट डीबी’ या एका एसक्यूलाइट फाइलमध्ये असते आणि नेटवर्कची फाइल वेगळी असते. दोन्ही घ्यायच्या. डेटाबेसची फाइल चालू असताना नुसती कॉपी करू नये, एसक्यूलाइटची स्वतःची बॅकअपची आज्ञा वापरावी.

गैरसमज : होस्ट आपली सेटिंग स्वतःच जपून ठेवतो.

काही ठिकाणी प्रॉक्समॉक्सऐवजी व्हीएमवेअरचं ईएसएक्सआय असतं. ते दर तासाला आपली मांडणी जपतं, हे खरं. पण कुठे? ज्या डिस्कवरून किंवा पेनड्राइव्हवरून ते सुरू होतं, त्यावरच. ती गेली की जपलेलंही गेलं. बाहेर न्यायची फाइल काढण्यासाठी वेगळी आज्ञा आहे, आणि तिने तयार झालेली फाइल थोड्याच वेळात पुसली जाते. आज्ञा रोज चालते, पण फाइल उचलून दुसरीकडे कोणी नेत नाही, असं मी एकाहून जास्त ठिकाणी पाहिलं आहे.

गैरसमज : आमच्याकडे नेट धड नाही, बाहेर पाठवणार काय?

मशिनचा डेटा शेकडो जीबी असतो. तो कमजोर लाइनवरून जाणार नाही, मान्य. पण मांडणी म्हणजे मुख्यतः मजकूर. एका मशिनची कॉन्फिगरेशन फाइल जेमतेम वीस-पंचवीस ओळींची असते. अख्ख्या होस्टची मांडणी सहसा काही एमबीत मावते, म्हणजे मोबाइलवर आलेल्या दोन-चार फोटोंएवढी. मोबाइलच्या डोंगलवरूनही ती रोज गडचिरोलीला किंवा नागपूरला जाऊ शकते. फक्त एन्क्रिप्ट करून पाठवा. तिच्यात पासवर्डचे हॅश आणि किल्ल्या असतात.

गैरसमज : रात्री दोनचं शेड्यूल लावलं, काम झालं.

आपल्याकडे रात्री दोनला वीज असेलच असं नाही. क्रॉनने, म्हणजे लिनक्सच्या नेहमीच्या शेड्यूलरने, लावलेली वेळ मशिन बंद असताना टळली, तर ते काम त्या दिवशी होतच नाही. त्याऐवजी लिनक्समधल्याच सिस्टमडीच्या टायमरमध्ये ‘पर्सिस्टंट’ चालू ठेवलं, तर वीज आल्यावर राहिलेलं काम आपोआप होतं. एका ओळीचा फरक आहे.

दुसरं, चूक झाली तरच मेसेज येईल अशी सोय कधी करू नये. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅबसारख्या मोठ्या कंपनीत चुकून मुख्य डेटाबेस पुसला गेला. मग कळलं की नेहमीचे बॅकअप आवृत्ती न जुळल्याने कधीचे फसत होते, आणि फसल्याचे ईमेल वाटेतच नाकारले जात होते. सुमारे सहा तासांचा डेटा गेला. म्हणून रोज ‘झालं’ असा मेसेज आला पाहिजे, फाइलच्या आकारासकट. ज्या दिवशी मेसेज नाही, त्या दिवशी फोन उचलायचा.

गैरसमज : रिस्टोअरचं वेळ आली की बघू.

ईएसएक्सआयची फाइल त्याच बिल्डवर परत बसते, दुसऱ्यावर नाही. म्हणून बिल्ड क्रमांक आणि इन्स्टॉलरही सोबत ठेवावा लागतो. ७.० अपडेट २ पासून ही मांडणी एन्क्रिप्ट असते. टीपीएम ही सुरक्षा चिप असलेल्या सर्व्हरची रिकव्हरी की कागदावर उतरवून तिजोरीत ठेवा. प्रॉक्समॉक्समध्ये नवं हार्डवेअर आलं की नेटवर्क कार्डाची नावं बदलू शकतात, मग जुनी फाइल जशीच्या तशी चालत नाही.

हे सगळं स्क्रिप्टमध्ये बसवता येतं. पण ती स्क्रिप्ट तालुक्याच्या गावातल्या लिपिकाला, फोनवर कोणी नसताना, मराठीत लिहिलेला एक कागद समोर ठेवून चालवता आली पाहिजे. मी ती तशीच लिहितो, आणि त्यांच्याच हातून चालवून घेतो.

मृग लागायच्या आत एक जुना पीसी काढा, कालची फाइल घ्या आणि त्यावर रिस्टोअर करून बघा. नाही जमलं, तर दुरुस्तीला अजून वेळ आहे आणि रस्ताही चालू आहे.