जनावरांचे टाके का पिकतात?

शस्त्रक्रियेनंतर साधारण 30 दिवसांत छेदाच्या जागी पू धरला, तर तो शस्त्रक्रियेमुळे झालेला संसर्ग मानतात. हाडात पट्टी किंवा स्क्रू बसवला असेल तर ही मुदत बरीच लांबते. टाके पिकले की बोल सहसा मालकाच्या देखभालीला लागतो. प्रत्यक्षात बरेचसे टेबलावरच, किंबहुना त्याआधीच ठरलेले असते.

जंतू बहुतेक वेळा जनावराच्या अंगावरचेच असतात. कुत्र्याच्या कातडीवर आणि नाकातोंडात स्टॅफिलोकॉकस स्यूडइंटरमीडियस एरवी निमूट राहतो. कापलेल्या मांसात शिरला की पू करतो. म्हणूनच केस काढण्यासारख्या किरकोळ वाटणाऱ्या कामालाही नियम आहे. भूल दिल्यावर, ऐन शस्त्रक्रियेपूर्वी, तेही मशीनने. आदल्या दिवशी वस्तरा फिरवला तर बारीक ओरखडे उठतात आणि त्यांत रातोरात जंतू वाढतात. त्यानंतर क्लोरहेक्सिडीन किंवा पोव्हिडोन आयोडीन लावून काही मिनिटे थांबायचे असते. घाईच्या दिवशी पहिली कात्री लागते ती या मिनिटांना.

प्रतिजैविक छेद घेताना रक्तात हजर असले तरच उपयोगी. सेफाझोलीन त्यासाठी 30 ते 60 मिनिटे आधी शिरेतून देतात आणि काम लांबले तर पुन्हा देतात. निरोगी कुत्रीच्या नसबंदीसारख्या स्वच्छ, थोडक्या वेळात आटोपणाऱ्या शस्त्रक्रियेत त्याची सहसा गरज नसते. तरी नंतर पाच दिवसांच्या गोळ्या लिहून देण्याची पद्धत आहे. त्याने मालकाचे समाधान होते आणि जंतू निर्ढावतात.

गोठ्यातले गणित वेगळे. गाईच्या कोटीपोटातले प्लास्टिक काढताना गाय उभीच असते, भूल डाव्या कुशीपुरती. कोटीपोट उघडले की जंतूंनी भरलेला रवंथाचा चारा समोर येतो, त्यामुळे ही जखम स्वच्छ राहूच शकत नाही. उपाय असा: कापण्याआधी कोटीपोटाची भिंत बाहेर ओढून कातडीच्या कडेला सभोवार टाचतात, म्हणजे आतला द्रव उदरात सांडत नाही. पोट रिकामे करून दुहेरी शिवले, धुतले, की हातमोजे आणि अवजारे बदलूनच स्नायूंना हात लावायचा. येथे प्रतिजैविक आधी सुरू करून पुढे काही दिवस द्यावेच लागते. तेवढे दिवस, आणि औषधावर लिहिलेल्या मुदतीपर्यंत, दूध डेअरीला घालता येत नाही. गरीब घरात ही अट सर्वांत जड जाते.

शस्त्रक्रियेनंतरची थोडी सूज दोन-तीन दिवसांत उतरते. ती वाढली, गरम लागली, स्राव येऊ लागला किंवा जनावराने चारा टाकला, तर डॉक्टरांना बोलवावे. कुत्र्याच्या गळ्यातली, चाटू न देणारी कॉलर टाके निघेपर्यंत, म्हणजे 10 ते 14 दिवस, काढू नये. रात्रीत चाटून तो टाके उसवतो. गाईच्या जखमेवर माशी बसू देऊ नये, नाहीतर अळ्या पडतात.

पू धरलाच तर खालचे एक-दोन टाके सोडून वाट करून देतात आणि नवे औषध सुरू करण्याआधी नमुना प्रयोगशाळेत पाठवतात. जखम सलाइनने धुऊन उघडी ठेवतात, म्हणजे ती आतून भरत येते. हायड्रोजन पेरॉक्साइड रोज ओतू नये, त्याने नवे मांस जळते. हाडात बसवलेल्या पट्टीवर मात्र जंतूंचा चिकट थर बसतो आणि औषध तिथे पोचत नाही. अशा वेळी हाड जुळेपर्यंत संसर्ग दाबून ठेवतात आणि मग पट्टीच काढतात.