तासगांवचें गोपुर आणि त्याची दंतकथा

सांगली जिल्ह्यांतील तासगांवीं येणाऱ्या प्रवाशाच्या दृष्टीस घरांच्या छपरांवरून प्रथम पडतें तें गणपतीच्या देवळाचें सात मजली गोपुर. सुमारें ९६ फूट उंचीचें हें द्राविडी धाटणीचें काम कृष्णेच्या खोऱ्यांत आलें कोठून, असा प्रश्न सहजच मनांत उभा राहतो.

गांवांत विचारलें तर गोपुराआधीं देवाचीच कथा ऐकावयास मिळते. देऊळ बांधणारे परशुरामभाऊ पटवर्धन हे कोंकणांतील गणपतीपुळ्याच्या गणपतीचे निस्सीम भक्त. त्या देवानेंच एका रात्रीं स्वप्नांत येऊन त्यांना सांगितलें, कीं आतां मीच तुझ्या तासगांवास येतों. मग भाऊंनीं देऊळ उभारलें आणि आंत उजव्या सोंडेची मूर्ति विराजमान झाली.

अशा कथेला चिकित्सक मनुष्य हंसतो. पण हंसण्याची घाई करूं नये. पटवर्धन घराण्याचे मूळ पुरुष हरभट हे रत्नागिरीकडील कोतवड्याचे. पुळ्याचा गणपति हेंच त्यांचें आराध्य. ते घाट चढून देशावर आले, इचलकरंजीकर घोरपड्यांचे उपाध्ये झाले, आणि त्यांच्या वंशजांनीं पुढें पेशव्यांच्या पदरीं तलवार गाजविली. घराणें घाटावर रुजलें, तेव्हां त्याच्या देवानेंही घाट चढणें ओघानेंच आलें. स्वप्नाला साक्षीदार कोण मिळणार? घराण्याच्या स्थलांतराची आठवण मात्र या कथेनें नीट जपून ठेवली आहे.

गोपुराचें उत्तर इतिहासांत सांपडतें. देवळाचें काम १७७९ मध्यें सुरू झालें व वीस वर्षें चाललें. या अवधींत भाऊंची स्वारी वारंवार कर्नाटकांत असे. १७९०-९१ मधील धारवाडचा वेढा तर प्रसिद्धच आहे. तिकडचीं उत्तुंग गोपुरें त्यांच्या डोळ्यांत भरलीं असावींत. मोहिमेवरून सरदारांनीं लूट आणावी यांत नवल नाहीं. भाऊंनीं देवळाचा घाट आणला! १७९९ मध्यें पट्टणकुडीच्या लढाईंत ते धारातीर्थीं पडले, आणि त्याच वर्षीं त्यांचे पुत्र आप्पासाहेब यांनीं देऊळ पुरें केलें.

येथील गणेशोत्सव दीड दिवसाचा. ऋषिपंचमीस तीन मजली रथ काशीविश्वेश्वराच्या देवळाकडे निघतो. पुत्र पित्याच्या भेटीस जातो, असें लोक म्हणतात. तासगांव संस्थान १८४८ मध्यें खालसा झालें. रथाला घोडे किंवा बैल मात्र आजही जुंपीत नाहींत. त्याचे लांबलचक दोर गांवकरीच ओढतात.