जुनी गाडी मोडीत, नव्या गाडीची नोंदणी विनाशुल्क

जुनी गाडी कोपऱ्यावरच्या भंगारवाल्याला विकली, तर हातात फक्त लोखंडाचा भाव पडतो. तीच गाडी सरकारमान्य वाहन मोडणी केंद्रात दिली, तर भंगाराच्या किमतीबरोबर ‘ठेव प्रमाणपत्र’ही मिळते. नवी गाडी घेताना हे प्रमाणपत्र सादर केल्यास नोंदणी शुल्क माफ होते. केंद्र सरकारचा हा नियम 1 एप्रिल 2022 पासून लागू आहे.

मोटारीचे नोंदणी शुल्क 600 रुपयेच असते. मोठा फायदा वाहनकरात आहे. खासगी वाहनाला 25 टक्क्यांपर्यंत, व्यावसायिक वाहनाला 15 टक्क्यांपर्यंत करसवलत देण्याची तरतूद आहे. प्रत्यक्ष दर राज्य सरकार ठरवते, म्हणून आरटीओत आधी चौकशी करा.

बॅटरीवरच्या वाहनांना नोंदणी शुल्काची माफी ऑगस्ट 2021 पासूनच आहे. त्यासाठी जुनी गाडी मोडावी लागत नाही.

गाडी देण्यापूर्वी थकीत कर व दंड भरा. प्रमाणपत्र नोंदणीच्या अर्जासोबतच विक्रेत्याला द्या आणि बिलात शुल्क व कर वेगवेगळे दाखवायला सांगा. सवलत तुमच्या हक्काची आहे. ती मागून घ्या.