इलेक्ट्रॉनीय पाठ्यपुस्तके, उच्च शिक्षणातील

महाविद्यालयीन व विद्यापीठीय अभ्यासक्रमांसाठी नेमलेले आणि संगणक, टॅबलेट किंवा भ्रमणध्वनी यांच्या पडद्यावर वाचता येईल अशा स्वरूपात वितरित केलेले पुस्तक म्हणजे इलेक्ट्रॉनीय पाठ्यपुस्तक होय. छापील पानांच्या छायाचित्रांचा संच आणि संगणकीय संकेतांत साठविलेला मजकूर यांत भेद करणे आवश्यक आहे. पहिल्यात हवा तो शब्द शोधता येत नाही, पडद्याच्या रुंदीप्रमाणे ओळी नव्याने मांडल्या जात नाहीत आणि अंध वाचकाला तो मजकूर यंत्राकरवी सरळ ऐकता येत नाही. दुसऱ्यात या तिन्ही गोष्टी साधतात.

इतिहास : अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या संगणकावर मायकेल हार्ट यांनी 1971 मध्ये अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा टंकलिखित केला, तेथून इलेक्ट्रॉनीय ग्रंथांचा आरंभ मानण्याची प्रथा आहे. पीडीएफ हा स्थिर पृष्ठरचनेचा नमुना 1993 मध्ये, तर ओळींची फेररचना करणारा इपब हा नमुना 2007 मध्ये प्रचारात आला. राइस विद्यापीठाच्या ओपनस्टॅक्स या उपक्रमाने 2012 पासून विनामूल्य व मुक्त परवान्याची पाठ्यपुस्तके प्रसिद्ध करण्यास प्रारंभ केला. भारतात गांधीनगर येथील इन्फ्लिबनेट केंद्राद्वारे 2010 मध्ये एन-लिस्ट ही योजना सुरू झाली. तीत महाविद्यालयातील सभासदाला स्वतंत्र प्रवेशनाम मिळत असल्याने घरूनही ग्रंथ वाचता येतात. पदव्युत्तर विषयांचे पाठ ई-पीजी पाठशाला या उपक्रमात उपलब्ध आहेत. खरगपूर येथील भारतीय तंत्रविज्ञान संस्थेने उभारलेले राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय 2018 मध्ये राष्ट्राला अर्पण करण्यात आले.

मराठवाड्यातील पार्श्वभूमी : हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ हा भाग 1956 पर्यंत हैदराबाद राज्याच्या परभणी जिल्ह्यात होता. 1918 मध्ये सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते आणि त्यासाठी पाठ्यपुस्तके भाषांतरित करणारी स्वतंत्र संस्था स्थापण्यात आली होती. भारतीय भाषेत उच्च शिक्षण देता येते, हे या प्रयोगाने दाखविले. मात्र मराठी विद्यार्थ्याला ते स्वभाषेतून मिळाले नाही. पुढे औरंगाबाद (सध्याचे छत्रपती संभाजीनगर) येथे 1958 मध्ये मराठवाडा विद्यापीठ व नांदेड येथे 1994 मध्ये स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. हिंगोली जिल्हा दुसऱ्याच्या कार्यक्षेत्रात येतो. विद्यापीठीय पातळीवरील मराठी पुस्तकांसाठी नागपूर येथे महाराष्ट्र विद्यापीठ ग्रंथनिर्मिती मंडळ होते. परंतु अभ्यासक्रम बदलला की छापील आवृत्ती जुनी होत असे. इलेक्ट्रॉनीय पुस्तकात दुरुस्तीचा खर्च अल्प असतो. गुरुत्वीय तरंगांच्या शोधाची घोषणा 2016 मध्ये झाली आणि त्यांचे निरीक्षण करणाऱ्या लायगो-इंडिया प्रकल्पासाठी औंढा नागनाथ तालुक्याचीच निवड झाली. अशा वेगाने वाढणाऱ्या विषयात हा लाभ विशेष जाणवतो.

भाषा व लिपी : मराठी मजकुराची अडचण मुख्यतः अक्षरसंकेतांची आहे. युनिकोडचा प्रसार होण्यापूर्वी प्रत्येक अक्षरसंच निर्माता देवनागरी चिन्हे आपापल्या क्रमाने रोमन अक्षरांच्या जागी बसवीत असे. त्या काळी जुळविलेले पुस्तक पडद्यावर मराठी दिसले, तरी संगणकाच्या लेखी ती निरर्थक रोमन अक्षरे असतात. म्हणून जुने ग्रंथ उपयोगात आणण्यापूर्वी त्यांचे युनिकोडमध्ये रूपांतर करून मुद्रितशोधन करावे लागते. भारतीय भाषांतील 22,000 विद्यापीठीय पुस्तके पाच वर्षांत सिद्ध करण्याचा अस्मिता हा प्रकल्प 2024 मध्ये जाहीर झाला. त्याचे यश पुस्तकांच्या संख्येइतकेच परिभाषेच्या एकवाक्यतेवर अवलंबून राहील.

स्वीकाराच्या अटी : छापील प्रत विकत घेतली की ती ग्रंथालयाच्या मालकीची होते, इलेक्ट्रॉनीय पुस्तकाचा बहुधा केवळ वापराचा परवाना मिळतो. तो वार्षिक असल्यास वर्गणी थांबताच पुस्तकही जाते. लहान महाविद्यालयाच्या दृष्टीने कायम परवाना किंवा मुक्त परवान्याची पुस्तके त्यामुळे अधिक हितकर ठरतात. एकदा उतरवून घेऊन जालाविना वाचता येणे हीही ग्रामीण भागात महत्त्वाची अट आहे. ज्या विद्यार्थ्याजवळ भ्रमणध्वनी हेच एकमेव साधन आहे, त्याला मोठ्या पृष्ठाची पीडीएफ प्रत वाचणे कष्टाचे होते. त्याच्यासाठी इपब सोयीचे असते.

आकलनाच्या दृष्टीनेही मर्यादा आहेत. 54 अभ्यासांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या 2018 मधील संशोधनात माहितीपर मजकुराचे आकलन कागदावर अधिक चांगले होते, आणि वेळेचे बंधन असता हा फरक वाढतो, असे आढळले. सबब संदर्भ, शोध व अद्ययावत माहिती यांसाठी इलेक्ट्रॉनीय प्रत आणि सखोल अध्ययनासाठी ग्रंथालयातील छापील प्रती, अशी सांगड घालणे इष्ट होय. केवळ छापील खरेदी वाचविण्यासाठी केलेला बदल खर्चाचा भार संस्थेकडून विद्यार्थ्याकडे ढकलतो. कारण साधन, विद्युत्पुरवठा व जालजोडणी यांची तजवीज मग त्यालाच करावी लागते.