न्यायाधीश होण्याआधी तीन वर्षे वकिली

बांधाची कुरबूर, भावकीतली वाटणी, विहिरीच्या पाण्याची पाळी. तालुक्याच्या कोर्टात असे दावे ज्यांच्यापुढे चालतात, ते दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर. आपल्यापैकी बहुतेकांचा कोर्टाशी पहिला संबंध याच खुर्चीपुढे येतो. तिच्यावर कोणी बसावे, याविषयी सर्वोच्च न्यायालयाने २० मे २०२५ रोजी निकाल दिला. नुसती कायद्याची पदवी पुरे नाही, परीक्षेला बसण्यापूर्वी किमान तीन वर्षे वकिली केलेली असावी, असे तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या पीठाने ठरविले.

अट तशी जुनीच. १९९३ मध्ये याच न्यायालयाने ती घातली होती. पण हुशार मुले या नोकरीकडे वळेनात, म्हणून शेट्टी आयोगाच्या शिफारशीवरून २००२ मध्ये ती काढली. पुढील वीस वर्षांत थेट पदवीवरून न्यायाधीश झालेल्यांचा अनुभव समाधानकारक नाही, असे बहुतेक उच्च न्यायालयांचे मत पडले.

कारण उघड आहे. सातबारावरची नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानावी, हे पुस्तकात वाचता येते. पण साक्षीदार कुठे अडखळतो, तारखा कोण मुद्दाम लांबवतो, हे कोर्टात उभे राहूनच कळते. शेतीची पदवी घेतली तरी माती मुठीत धरल्याशिवाय वाफसा कळत नाही, तसेच हे. चुकीच्या हुकमाने एक हंगाम पड गेला, तर अपील जिंकूनही ते पीक परत येत नाही.

दुसरी बाजूही आहे. बारावीनंतर कायद्याला पाच वर्षे, त्यावर ही तीन. नव्या वकिलाची कमाई बेताची. सधन घरचा मुलगा तग धरील, कोरडवाहू शेतकऱ्याच्या मुलाने काय करावे? मुलीच्या मागे तर लग्नाचा तगादा असतो. बार कौन्सिल ऑफ इंडियाने २०२४ मध्ये कनिष्ठ वकिलांना ग्रामीण भागात दरमहा १५,००० रुपये द्यावेत अशी शिफारस केली, पण ती सक्तीची नाही. अट योग्य आहे, पण हा आधार सक्तीचा झाला नाही तर खेड्यातली मुले मागे पडतील आणि शेतीचे दावे शेती न पाहिलेल्यांपुढे चालतील.

ज्यांच्या घरी मुले कायदा शिकत आहेत, त्यांनी एवढे ध्यानात ठेवावे. निकालानुसार तीन वर्षे तात्पुरत्या सनदेच्या तारखेपासून मोजायची आहेत. न्यायाधीशांच्या हाताखाली विधी लिपिक म्हणून केलेले कामही धरले जाते. अनुभवाचा दाखला कोर्टाच्या प्रमुख न्यायाधीशांचा, किंवा दहा वर्षे वकिली झालेल्या वकिलाचा व त्यावर त्या न्यायाधीशांची सही असलेला लागतो. म्हणून चालविलेल्या प्रत्येक दाव्याची नोंद वहीत ठेवावी. अर्ज करताना त्या भरतीची जाहिरात नीट वाचावी. आणि मुलीची सनद आली असेल, तर तिची तीन वर्षे मोडू नयेत.