खलनायक पाणी कुठलं पितो?

'शान' सिनेमातल्या शाकालकडे सगळं होतं. समुद्रात स्वतःचं बेट होतं, गोल फिरणारं टेबल होतं, कळ दाबली की माणसाला खाली टाकणारी खुर्ची होती. खाली मगर होती आणि मगरीसाठी हौदही होता. पिण्याच्या पाण्याचा माठ मात्र मला आठवत नाही. १९८० साली थिएटरात बसलेल्या कुणालाही तो आठवला नसेल, कारण सिनेमातला अड्डा तीन तास टिकला की पुरतं.

हा प्रश्न मला पडला थर्मोकोल कापताना. खलनायकाचा गुप्त अड्डा हाताने, टेबलावर, बोटांएवढ्या माणसांसाठी बांधायला घेतला, की असले घरगुती प्रश्न रांगेने उभे राहतात. हवा कुठून येते? जेवण कुठल्या दाराने आत जातं? शत्रू दारात आला तर साहेब पळणार कुठून? आणि पाणी? या प्रश्नांची उत्तरं शोधत मी जिथे पोचलो ती जागा कुठल्याही सेटपेक्षा चमत्कारिक निघाली. ती जागा म्हणजे बीदरचा किल्ला.

आधी खेळाविषयी थोडं. मिनिएचर वॉरगेमिंग म्हणजे टेबलावर मांडलेली लढाई. अंगठ्याएवढे रंगवलेले सैनिक, मूठभर फासे आणि मोजायची टेप एवढं सामान पुरतं. कोण किती चालणार ते टेप सांगते, वार लागला की नाही ते फासा सांगतो. पण वार करता येईल की नाही, हे जमीन सांगते. सैनिकाच्या डोळ्यापासून शत्रूपर्यंत एक दोरी ताणायची. ती भिंतीला, झाडाला, कमानीला अडली तर शत्रू दिसत नाही. म्हणून या खेळात टेकड्या आणि भिंती शोभेच्या नसतात, त्याही खेळाडूच असतात.

हे फार पूर्वी ओळखलं गेलं. १८१२ मध्ये गेओर्ग फॉन राइसविट्झ यांनी प्रशियाच्या राजासमोर युद्धाचा खेळ मांडला, तेव्हा त्यातली खरी करामत टेबलाची होती. प्लास्टरच्या चौकोनी तुकड्यांवर टेकड्या, नद्या, रस्ते घडवलेले होते. तुकडे हलवले की दर डावाला नवा मुलूख तयार! १९१३ मध्ये एच. जी. वेल्स यांनी 'लिटल वॉर्स' हे पुस्तक लिहिलं आणि असा खेळ राजवाड्यातून घरातल्या फरशीवर आला.

मराठी मुलं हा मुलूख दर दिवाळीत अंगणात उभा करतातच. विटा-दगड रचायचे, वर गोणपाट, गोणपाटावर चिखल, चिखलात अळीव नाहीतर मोहरी पेरायची. चार दिवसांत गड हिरवा होतो, वर महाराज बसतात आणि पायऱ्यांवर मातीचे मावळे उभे राहतात. फरक एवढाच, की दिवाळीचा किल्ला बघायचा असतो आणि खेळातला किल्ला चढायचा असतो. तिथे प्रत्येक पायरीचा हिशेब होतो.

हिशेब करूनच बघू. खेळातला सैनिक साधारण २८ मिलिमीटर उंच असतो. म्हणजे खऱ्या माणसाचा सुमारे साठावा भाग. बीदरचा किल्ला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुमारे १.२ किलोमीटर. साठाने भागा: २० मीटर! दिवाणखाना सोडा, लग्नाचा हॉल लागेल. माझं टेबल सहा फूट बाय चार फूट. त्यावर खऱ्या जमिनीचा ३६० बाय २४० फुटांचाच तुकडा मावतो. म्हणजे अख्खा किल्ला नको, त्याची अक्कल तेवढी उचलायची. कुठे उचलायची हे कळायला मात्र किल्ला नीट वाचावा लागतो.

बीदर आपल्याला परकं नाही. उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यातच होते, आणि भालकी, औराद, बसवकल्याणच्या बाजारात आजही मराठी कानावर पडते. अहमदशाह वली बहमनीने १४३० च्या आसपास राजधानी गुलबर्ग्याहून, म्हणजे आजच्या कलबुर्गीहून, इथे आणली. जागा बघूनच त्याची नजर कळते. हे जांभ्या दगडाचं पठार आहे आणि किल्ला त्याच्या काठावर बसवला आहे. उत्तर आणि पूर्व बाजूला कडा निसर्गानेच दिलेला. पंचाईत दक्षिणेकडे, कारण तिकडे पठार सपाट आणि शत्रूला चालत यायला मोकळं.

तिथे बहमनींनी खंदक खोदला. एक नव्हे, एकाला लागून एक तीन. कातळ खोदत जाताना मधे कातळाच्याच दोन भिंती जागच्या जागी ठेवल्या. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं, एवढा उद्योग कशाला? एकच रुंद खंदक का नाही? उत्तर टेबलावर मिळालं. बऱ्याच खेळांत सैनिक एका फेरीत सहा इंच चालतो. सहा इंचांचा एकच खड्डा असेल तर तो एका फेरीत तळ ओलांडतो. तेच सहा इंच दोन-दोनचे तीन केले, तर उतर, चढ, उतर, चढ, उतर, चढ. तेवढ्या वेळात वरचा तिरंदाज चार-पाच फेऱ्या बाण सोडून घेतो. खड्डा तेवढाच, मरण कितीतरी पट. पाचशे नव्वद वर्षांपूर्वी कुणीतरी हे गणित कातळात सोडवून ठेवलं होतं.

मग दरवाजे. शर्झा दरवाजावर दोन वाघ कोरलेले आहेत. त्याच्या पुढे घुमटाचा दरवाजा. वाट सरळ नाही, वळत जाते. दख्खनच्या किल्ल्यांत हे वळण मुद्दाम असतं, कारण दार फोडायला हत्तीला धाव घ्यावी लागते आणि वळणावर हत्तीला धाव घेता येत नाही. टेबलावर हत्ती नसला तरी वळण तितकंच कामाचं. ताणलेली दोरी तिथे तुटते. आत शिरलेल्याला पुढचं दिसत नाही, वर तटावर उभा असलेल्याला मात्र तो स्वच्छ दिसतो. खलनायकाच्या अड्ड्यात भीती निर्माण करायला कवट्या नि मशाली लागत नाहीत. एक काटकोन पुरतो.

साहेबांच्या दरबारासाठी मी कलबुर्गीला गेलो. तिथल्या किल्ल्यातली जामा मशीद १३६७ ची. अशा मशिदींना सहसा मोकळं अंगण असतं, हिला नाही. सगळीच्या सगळी छताखाली. बाजूच्या ओवऱ्यांच्या कमानी इतक्या रुंद आणि बसक्या, की चालताना एकीतून दुसरी, दुसरीतून तिसरी दिसत राहते. प्रार्थनेची ती जागा मला टेबलावर आणायची नव्हती, पण कमानीचा धडा घेतला. ओळीत उभ्या केलेल्या कमानी म्हणजे नजरेची लांब बोळ. त्यात पाऊल टाकलं तर दिसलात; एका खांबाआड झालात तर गायब. फक्त दोन गोष्टी सांभाळायच्या. बोळ दोन इंचांहून अरुंद ठेवायची नाही, नाहीतर सैनिक जाईल पण खेळणाऱ्याची बोटं जाणार नाहीत. आणि छत चिकटवायचं नाही. उचलता यायला हवं.

आता पाणी.

जांभा हा अजब दगड. जमिनीतून काढताना मऊ, कुऱ्हाडीने कापता येतो. उन्हावाऱ्यात राहिला की कडक होतो. शिवाय तो सच्छिद्र. पावसाचं पाणी त्यातून झिरपत खाली जातं. खाली काळा पाषाण आहे आणि तो पाणी सहजी झिरपू देत नाही. म्हणून दोघांच्या सांध्यावर पाणी साचतं. वर कोरडं पठार, पोटात पाणी. इराणकडची मंडळी बहमनींच्या दरबारात मोठ्या संख्येने होती आणि तिकडची एक जुनी विद्या इथे या दगडात उतरली: करेझ. आधी सांध्यापर्यंत खोल विहीर. तिथून मंद उताराचं भुयार. उतार जास्त झाला तर पाणी तळ खरवडतं, कमी झाला तर गाळ साचतो. म्हणून अगदी बेताचा. भुयार खोदताना ठरावीक अंतरावर वरून खाली कूप पाडायचे. त्यातून माती वर येते, हवा खाली जाते. ना मोट, ना रहाट. पाणी आपल्या पायांनी, अंधारातून, गावाकडे चालत येतं.

बीदरजवळ नौबादचा करेझ दोन किलोमीटरहून लांब आहे आणि त्यावर एकवीस कूप मोजले गेले आहेत. तो गाळाने भरून गेला होता. गेल्या दशकात उपसला गेला. वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाने २०२० च्या लक्ष ठेवण्याजोग्या वारशाच्या यादीत दख्खन पठारावरच्या जुन्या जलव्यवस्थांना जागा दिली. माझ्या प्रमाणात हे भुयार ३३ मीटरहून लांब भरेल, म्हणजे टेबलावरून निघून जिन्याने खाली रस्त्यावर जाईल. तेव्हा मी भुयार केलंच नाही. पीव्हीसी पाइपच्या चकत्या कापून टेबलावर पाच कूप केले आणि नियम लिहिला: एका कुपात उतरलेला सैनिक पुढच्या फेरीत दुसऱ्या कुठल्याही कुपातून वर येऊ शकतो.

उरला पळायचा रस्ता. किल्ल्यात हजार कोठडी नावाचा भाग आहे. जमिनीखालच्या खोल्या आणि त्यांतून बाहेर खंदकाकडे नेणारी वाट. हैदराबाद संस्थानच्या पुरातत्त्व खात्याचे गुलाम याझदानी यांनी बीदरच्या वास्तूंवर १९४७ मध्ये मोठा ग्रंथ लिहिला, त्यात तिचीही नोंद आहे. वर रंगीन महालात लाकडी कोरीवकाम आणि शिंपल्याचं जडावकाम, खाली अंधाऱ्या कोठड्या. सत्तेचं खरं घर दोन मजली असतं. एक मजला मिरवायचा, एक निसटायचा.

इतकं सगळं असूनही किल्ला पडला. १६५७ च्या मार्चमध्ये औरंगजेबाने वेढा घातला तेव्हा आत आदिलशाहीचा वृद्ध किल्लेदार सिद्दी मर्जान होता. खंदक, तट, पाणी, सगळं आपापल्या जागी होतं. सत्तावीस दिवसांनी हल्ल्याच्या धामधुमीत ठिणगी पडली ती बुरुजामागे साठवलेल्या दारूवर. स्फोटात मर्जान आणि त्याची मुलं होरपळली आणि किल्ला गेला. म्हणून माझ्या अड्ड्यात एका बुरुजामागे चार लाल पिंपं आहेत. अड्ड्याला एक दुखरी जागा हवीच. जो अड्डा जिंकताच येत नाही, त्याच्याशी दुसऱ्यांदा खेळायला कुणी बसत नाही.

बांधकामाबद्दल चार हिताच्या गोष्टी. दाण्यांचा थर्मोकोल भुगा करतो. घट्ट एक्सपीएस शीट मिळाली तर तीच घ्या, गरम तारेने लोण्यासारखी कापली जाते. जांभ्याची छिद्रं हवीत? स्वयंपाकघरातली फॉइल चुरगळून गोळा करा आणि शीटवर दाबत फिरवा. स्प्रेचा रंग थेट मारू नका. त्यातलं द्रावक शीट खाऊन टाकतं. आधी फेविकॉलमध्ये पोस्टर कलर कालवून एक जाड हात द्या. मग तांबूस तपकिरी, आणि शेवटी पातळ काळं पाणी सगळ्यावरून सोडा. ते खाचांत उतरतं, उंचवटे उजळ राहतात आणि कालची शीट पाचशे वर्षांची होते.

हा शेवटचा हात देताना मला दर वेळी बिदरी आठवते. जस्तात थोडं तांबं मिसळून ओतलेलं भांडं, त्यात ठोकलेली चांदीची तार आणि मग नवसागरासोबत बीदर किल्ल्यातली जुनी, ऊन-पाऊस न लागलेली माती. ती चोळली की भांडं काळंभोर होतं, चांदी मात्र चमकत राहते. माझ्या बाटलीतल्या रंगात ते रसायन नाही. पण किल्ल्याने काळोख कसा चढवावा, हे ती माती कितीतरी काळापासून शिकवते आहे.

अड्डा पूर्ण झाला तेव्हा पाचव्या कुपाशी मी घागर घेतलेली एक बाई उभी केली, शेजारी एक शेळी. समोर खेळायला बसलेल्याने तट पाहिला, पिंपं हेरली, वळणावर बोट ठेवून मान डोलावली. विहिरीकडे त्याने पाहिलंही नाही. तिसऱ्या फेरीला तिच्यातून माझे चार जण वर आले.

मी खूश होतो. मग लक्षात आलं, ही फसवणूक बीदरमधल्या लहान मुलावर चालली नसती. करेझला तिथे कानडीत सुरंग बावी म्हणतात: भुयाराची विहीर. ज्यांनी रोज ते पाणी भरलं, त्यांनी राजाचं गुपित नावातच सांगून ठेवलं होतं.